संकष्टीला चंद्र उगवलाच नाही तर?

मार्चच्या अंकात मी ट्रोम्सोच्या बालवाडीवर चार पानं लिहिली, तर संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवून दिला. त्यात बालवाडीबद्दल दोन पत्रं. बाकी सगळ्यांना सूर्याची चौकशी! मी मूळची चिपळूणची, 2011 च्या ऑक्टोबरपासून नॉर्वेच्या उत्तरेला, ट्रोम्सो गावात राहते. डॉक्टर नाही, ज्योतिषी नाही. तीन ते पाच वर्षांच्या पोरांना बर्फाचे कपडे चढवणं आणि उतरवणं हा माझा धंदा. उत्तरं त्या बेतानं घ्यावीत.

प्रश्न: ध्रुवाकडे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र, असं आम्ही वर्गात जन्मभर शिकवलं. तुमच्याकडे खरंच तसं असतं का? आणि टिळकांनी वेदांच्या आधारे जे म्हटलं होतं, त्याचं काय? (निवृत्त शिक्षक, कराड)

गुरुजी, तुम्ही शिकवलंत ते अगदी ध्रुवाच्या टिंबावर खरं आहे. ट्रोम्सो त्या टिंबापासून दोन हजारांहून जास्त किलोमीटर खाली, 69.6 अंशांवर आहे. आर्क्टिक वृत्त साडेसहासष्टवर, म्हणजे आम्ही उंबरठा ओलांडून पडवीत आलोय, माजघरात नाही. इथे साधारण 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळत नाही आणि 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी उगवत नाही. मधल्या काळात तो रोज उगवतो आणि रोज मावळतो, चारचौघांसारखा.

आमच्या बालवाडीत हे समजावायला मी नारळ वापरते. समई लावा, समोर नारळ धरा, शेंडी समईकडे थोडी कलती ठेवा आणि नारळ जागच्या जागी फिरवा. पोटाला उजेड-अंधार पाळीपाळीनं मिळतो, शेंडीला मात्र अखंड उजेड. आता नारळाचा कल तसाच ठेवून समईच्या पलीकडे जा. शेंडी अंधारात! पृथ्वीचा हा कल सुमारे साडेतेवीस अंशांचा. (इथे नारळ फार महाग मिळतो, त्यामुळे प्रयोग संपला की त्याची चटणी होते.)

तुमच्यातल्या चिकित्सकांनी हिशेब केलाच असेल, की दिवस नऊ आठवडे आणि रात्र सातच आठवडे कशी? बादलीतल्या पाण्यात काठी वाकडी दिसते ना, तसा हवेत प्रकाश वाकतो. त्यामुळे सूर्य क्षितिजाच्या जरा खाली असला तरी आपल्याला वर दिसतो. शिवाय तो ठिपका नाही, थाळी आहे. थाळीची नुसती कड डोकावली तरी उगवला म्हणायचं. उजेडाच्या पदरात दोन आठवडे जास्त पडतात ते असे.

पण आम्हाला नवल वाटतं ते मधल्या दिवसांच्या धावण्याचं. पुण्यात वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा दिवस यांत फरक सव्वादोन तासांचा, आणि तो भरायला सहा महिने लागतात. इथे मार्चमध्ये दिवस रोज आठ-नऊ मिनिटांनी वाढतो. तुमचा सहा महिन्यांचा फरक आम्ही जेमतेम दोन आठवड्यांत उरकतो. सोमवारी बालवाडीत जाताना दिवा लागला होता, पुढच्या सोमवारी गॉगल लागतो.

टिळकांचं म्हणाल तर त्यांचं पुस्तक 1903 चं. ऋग्वेदातल्या उषेच्या सूक्तांत पहाट फार लांबलेली दिसते, तर ती रचणाऱ्यांचे पूर्वज ध्रुवाजवळ राहिलेले असावेत, असा त्यांचा तर्क. आजचे अभ्यासक तो निष्कर्ष मानत नाहीत. पण ध्रुवाजवळची पहाट लांबते हे टिळकांचं खगोल बरोबर होतं, आणि तेही इकडे कधी न येता. जानेवारीत इथलं दक्षिणेचं आभाळ तासन्‌तास गुलाबी असतं आणि सूर्य काही येत नाही. ते बघताना मला दर वर्षी पुण्यात बसून हिशेब करणारे टिळकच आठवतात.

प्रश्न: सात आठवडे काळोखात माणसाला वेड लागत नाही का हो? मला तर दोन तास लाइट गेली तरी जीव नकोसा होतो. (गृहिणी, सांगली)

ताई, तुमच्या डोळ्यांसमोर जो काळोख आहे तो इथे नाहीच. 21 डिसेंबरलासुद्धा दुपारी पावणेबाराच्या सुमारास सूर्य क्षितिजाच्या फक्त तीन अंश खाली असतो. चार तास तरी बाहेर दिव्याशिवाय वावरता येतं, आभाळ स्वच्छ असेल तर वाचताही येतं. आणि तो उजेड निळा असतो. पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात नीळ घालतात ना, तसं कुणीतरी अख्ख्या गावाला नीळ घातल्यासारखं दिसतं. बर्फ निळा, छपरं निळी, पोरांचे गालसुद्धा. इथले लोक या दिवसांना मर्केतीद म्हणतात, म्हणजे अंधाराचा काळ. पण म्हणताना तोंड वाकडं करत नाहीत.

वाईट असतो तो नोव्हेंबर. बर्फ अजून टिकलेला नसतो, पाऊस आणि चिखल, रस्ता काळा, आभाळ काळं, दिवस रोज आखडत चाललेला. जुलैत चिपळूणला आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही, भिंतींना ओल आणि कपड्यांना कुबट वास, तसलं काहीतरी. फक्त भजी तळणारं शेजारी कुणी नाही. एकदा बर्फ पडून राहिला की निम्मा अंधार तोच खातो. वर चंद्र आणि ध्रुवीय प्रकाश, म्हणजे आभाळात लहरणारे रंगीत पट्टे. गाव ज्या बेटावर आहे त्याच्या माथ्यावर स्कीची वाट आहे, तिच्यावर ओळीनं दिवे. लोक ऑफिस सुटलं की तिकडे पळतात.

घरांचं म्हणाल तर डिसेंबरात प्रत्येक खिडकीत दिवा: कागदी चांदणी, नाहीतर सात मेणबत्त्यांचा त्रिकोण. आमच्या खिडकीत दिवाळीचा आकाशकंदील असतो. पहिल्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर मी तो काढून ठेवला, तर शेजारच्या आजीबाई दारात हजर. दिवा बिघडला का? तेव्हापासून तो सूर्य येईपर्यंत टांगलेला असतो.

आणि सूर्य येतो तो कधी? पंचांगाप्रमाणे म्हणाल तर 15 जानेवारीच्या आसपास. म्हणजे ऐन संक्रांतीला! खरं तर सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या 21-22 ला, संक्रांत त्या दिवसापासून शतकानुशतकं पुढे सरकत आली आहे. पण ट्रोम्सोपुरती ती बिनचूक लागू पडते. फक्त दक्षिणेला डोंगर आडवे, म्हणून दर्शन आणखी सहा दिवसांनी. 21 जानेवारी हा इथे सूर्याचा दिवस. सगळ्या बेकऱ्यांत जॅम भरलेले, तळलेले गोल पाव मिळतात, त्यांना नावच सूर्याचे पाव. आम्ही पोरांना घेऊन टेकाडावर जातो. चार मिनिटं किरण पडतात, नाहीतर ढग असतात. ढग असले तरी पाव खायचेच. मी तिळगूळ करून नेते. पोरांना तो फार कडक लागतो, पण बालवाडीतल्या बायका डबा रिकामा करतात.

प्रश्न: उन्हाळा तरी मजेचा जात असेल! रात्रीसुद्धा ऊन म्हणजे चंगळच. (बँक कर्मचारी, नाशिक)

सगळ्यांना असंच वाटतं, मलाही वाटलं होतं. मी हिवाळ्याची तयारी करून आले होते. हळद, सुंठ, तीन शाली, आईचे शंभर उपदेश. उन्हाळ्याची तयारी कुणी करून दिली नाही.

2012 चा जून. रात्री पाऊण वाजता (तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो) उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट माझ्या उशीवर. उत्तरेच्या! वास्तुशास्त्रवाल्यांनी एकदा इथे येऊन जावं. सूर्य घराभोवती प्रदक्षिणा घालतो, अंगणात सावली अशी राहतच नाही, ती फिरत असते. रात्री अकरा वाजता पोरं ट्रॅम्पोलिनवर उड्या मारतायत, समोरचा माणूस शिडी लावून घर रंगवतोय, कुणी बोट घेऊन मासे धरायला चाललाय. हिवाळ्यात राहिलेलं सगळं आयुष्य त्यांना नऊ आठवड्यांत जगून घ्यायचं असतं. आणि मला थकवा येईचना. रात्री दोनला मी फरशी पुसत होते. नवऱ्यानं उठून विचारलं, कुणी येणार आहे का?

तीन आठवडे मजेत गेले. चौथ्या आठवड्यात पोळी फुगली नाही म्हणून मी ओट्याशी उभी राहून रडले. मग लक्षात आलं की मी महिनाभर नीट झोपलेच नव्हते. नवऱ्यानं बेडरूमच्या काचांना स्वयंपाकातली अॅल्युमिनियमची फॉइल चिकटवली. खोली पितळी डब्यासारखी बंद झाली आणि मी सलग अकरा तास झोपले. आता जाड गडद पडदे आहेत, आणि नियम आहे: नऊ वाजले की पडदे ओढायचे, बाहेर कितीही लख्ख असो.

मला विचाराल तर अंधार बरा. अंधार तुम्हाला घरी पाठवतो, झोपवतो, फार तर जास्त झोपवतो. उजेड घरी जाऊच देत नाही. चिपळूणला संध्याकाळ यायची, आजी दिवा लावायची, शुभंकरोति व्हायचं, आणि दिवस आपोआप मिटायचा. इथे दिवस आपल्यालाच मिटावा लागतो. आणि डिसेंबरात आपल्यालाच उघडावा लागतो. पहिली दोन वर्षं मला हे समजलं नव्हतं. मी सूर्याची वाट पाहत बसले होते.

प्रश्न: माझी मुलगी दीड वर्षापासून स्वीडनच्या उत्तरेला आहे. गेल्या हिवाळ्यापासून फोनवर नुसतं हं, हं करते. सारखी झोप येते म्हणते. थंडीनं होत असेल का? (एक आई, नागपूर)

थंडीनं नाही, उजेडाच्या उपासानं होत असण्याची शक्यता जास्त. डोळ्यात मागच्या पडद्यावर काही पेशी असतात, त्यांचं काम बघणं नाही. बाहेर दिवस आहे की रात्र हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं, एवढंच. सकाळचा उजेड मिळाला नाही तर ते घड्याळ मागे पडतं, झोप आणणारं मेलाटोनिन भलत्या वेळी अंगात रेंगाळतं, आणि माणूस जागा असून झोपल्यासारखा राहतो. काहींना याहून पुढचा त्रास होतो. हिवाळ्याच्या उदासीनतेला 1984 साली वैद्यकात स्वतंत्र नाव मिळालं. म्हणजे तो आळस नाही आणि नाटकही नाही. हे मी ठळक सांगते, कारण माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका दवाखान्यात मला ‘सगळ्यांनाच होतं’ असं सांगून परत पाठवलं होतं. दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी नीट ऐकून घेतलं.

मला उपयोग झाला तो असा. सकाळी उठल्या उठल्या अर्धा तास दहा हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिव्यासमोर चहा. दिव्याकडे टक लावायचं नाही, तो समोर, पण जरा बाजूला ठेवायचा. डोळ्यांचा काही आजार असेल किंवा औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारायचं. दुपारच्या निळ्या उजेडात रोज बाहेर, बर्फ असो वा वारा. आणि सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तीच. शेवटचं सगळ्यात अवघड.

ड जीवनसत्त्वही तपासून घ्यायला सांगा. हिवाळ्यात इकडचं ऊन, असलं तरी, इतकं तिरपं की त्वचेत ते तयार होत नाही, आणि आपल्या सावळ्या त्वचेला उन्हाची गरज गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त. नॉर्वेत कॉड माशाच्या यकृताचं तेल चमच्यानं घेतात. जुनी रीत अशी, की ज्या महिन्याच्या नावात ‘र’ आहे त्या महिन्यात घ्यायचं. गंमत म्हणजे हे मराठीतही जमतं: मे, जून, जुलै, ऑगस्ट सोडून सगळ्यांत ‘र’ आहे. मी मासे खाणाऱ्या घरातली, तरी पहिला चमचा नाक दाबून घेतला.

पण ताई, हे घरगुती झालं. हं-हं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, जेवण सुटलं असेल, काहीच नको वाटत असेल, तर तिला तिथल्या डॉक्टरांकडे जायला सांगाच, आणि जाऊन आल्यावर फोन करायला सांगा. जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलली तर मात्र दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी.

प्रश्न: मी 52 वर्षं संकष्टी करते. नातसून नॉर्वेला गेली आहे. तिकडे चंद्रोदय कधीचा धरायचा? (आजी, सातारा)

आजी, नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण याच प्रश्नावर मी एका मे महिन्यात उपाशी बसले होते.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असतो. म्हणजे उन्हाळ्यात सूर्य इथे वरच्या वर फिरत असतो तेव्हा पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र खाली राहतो, बऱ्याचदा उगवतच नाही. हिवाळ्यात उलट. सूर्य गायब, आणि भरला चंद्र दिवसचे दिवस मावळतच नाही, नुसता गोल गोल फिरतो. संकष्टी पौर्णिमेनंतर चारच दिवसांनी, त्यामुळे तीही या घोळात सापडते. त्यात चंद्राची वर-खाली डोलण्याची मर्यादा 18.6 वर्षांच्या फेऱ्यात कमी-जास्त होते, आणि 2024-25 च्या सुमारास ती सगळ्यात मोठी होती. त्या वर्षांत तर मे महिन्यात चतुर्थीचा चंद्र आलाच नाही, आणि नोव्हेंबरात चंद्र सकाळी, दुपारी, संध्याकाळी डोक्यावर. मी नवऱ्याला म्हटलं, उपास धरायच्या आधीच सुटला की!

आमच्या सासूबाईंनी फोनवर एका वाक्यात निकाल दिला: ‘तुझा गणपती चिपळूणहून नेलायस ना? मग चिपळूणचा चंद्र धर.’ तेव्हापासून भिंतीवरच्या कालनिर्णयात चंद्रोदय बघायचा आणि हिवाळ्यात साडेचार तास वजा करायचे, उन्हाळ्यात साडेतीन. तिकडे रात्री साडेनऊ म्हणजे इथे हिवाळ्यात संध्याकाळचे पाच. मोदक व्हायला वेळ थोडा कमी मिळतो, पण उपास लवकर सुटतो, ही तक्रार नातसून करणार नाही. रमजान उन्हाळ्यात आला की गावातल्या मुसलमान कुटुंबांचाही हाच पेच. सूर्य मावळतच नाही तर रोजा सोडायचा कधी? त्यांच्यातले बरेच जण मक्केची वेळ धरतात. बालवाडीत माझ्यासोबत काम करणाऱ्या सोमाली बाईंनी आणि मी एकदा आपापली वेळापत्रकं शेजारी शेजारी चिकटवली होती, फ्रिजवर.

प्रश्न: तुमच्याकडे कोंबडा कधी आरवतो? (इयत्ता चौथी, कोल्हापूर)

बाळा, माझ्याकडे कोंबडा नाही, पण त्याच्या अंगात स्वतःचं घड्याळ असतं, तो नुसत्या सूर्यावर अवलंबून नसतो. त्याहून भारी गोष्ट रेनडियरची. रात्री गाडीच्या दिव्यात गाईचे डोळे चमकतात ना? डोळ्याच्या मागे एक आरशासारखा थर असतो, तो चमकतो. रेनडियरचा हा थर उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्यात निळा होतो. त्यामुळे अंधुक उजेडातही त्यांना दिसतं. हा शोध लावणाऱ्यांत आमच्या गावच्या विद्यापीठातले शास्त्रज्ञ होते. असा डोळा मलाही हवा होता. तुला?

प्रश्न: तुमच्याहून उत्तरेला कुणी भारतीय राहतात का? (वास्को, गोवा)

अहो, हे तुम्हीच मला सांगायचं! तुमच्या वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचंच ‘हिमाद्री’ हे ठाणं स्वालबार्ड बेटांवर, न्यू-ऑलेसुंडला आहे. जवळपास 79 अंशांवर, 2008 च्या जुलैपासून. तिथली रात्र ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. आधी आपले शास्त्रज्ञ हिवाळा टाळत. डिसेंबर 2023 मध्ये पहिली हिवाळी तुकडी गेली. तिथे ऐन हिवाळ्यात दुपारीही आमचा निळा उजेड नसतो, रात्र म्हणजे रात्र. त्यांच्यासमोर मी अंधाराच्या गप्पा मारणार नाही.

प्रश्न: ऑगस्टमध्ये ट्रोम्सोला शिकायला येते आहे. काय आणू? (विद्यार्थिनी, नांदेड)

ये गं. डोळ्यांवर बांधायची पट्टी आण, ऑगस्टातही रात्री हव्या तेवढ्या काळ्या नसतात. जाड स्वेटर तिकडून आणू नकोस, बॅग त्यातच भरते आणि ऊब नाही. अंगालगतचे लोकरीचे कपडे इथे घे. बुटांखाली चढवायचे खिळे मिळतात ते पहिल्याच आठवड्यात घे, बर्फ वितळून पुन्हा गोठला की रस्ता काच होतो. घडीचा आकाशकंदील बसला तर आण. वर्ग कितीही वाजता असो, उठायची एक वेळ आत्ताच ठरवून ये. आणि रिफ्लेक्टर. चमकणारी पट्टी, गाडीच्या दिव्यात दिसावी म्हणून दंडाला नाहीतर कोटाला लावतात. ती दोन्ही बाजूंना लाव. पहिल्या हिवाळ्यात मी एकच लावला होता, उजवीकडे, आणि त्याच खांद्यावर माझी पर्स असायची. तीन महिने तो तिच्याखाली झाकलेला होता हे मला बालवाडीतल्या चार वर्षांच्या पोरानं दाखवलं.